'सध्या' हा शब्द किती दिवस टिकतो?

बोर्डीला चिकूची वाडी असलेले एक निवृत्त शिक्षक माझ्या ओळखीचे आहेत. नावावर चार पुस्तके. गेल्या थंडीत त्यांच्या ओटीवर बसलो असताना सहज मोबाइलवर त्यांचे नाव शोधले. पुस्तके विकणाऱ्या एका पानावर परिचय सापडला तो असा : 'सध्या ते ठाणे जिल्ह्यातील एका विद्यालयात अध्यापन करीत असून त्यांचा आगामी कवितासंग्रह लवकरच प्रसिद्ध होत आहे.' मी मोठ्याने वाचले आणि सर हसायला लागले. नोकरी संपून नऊ वर्षे झाली. कवितासंग्रह आला, आणि त्याच्या प्रती वाटूनही संपल्या. राहिला जिल्हा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा निघाला आणि त्याबरोबर सगळा डहाणू तालुका, म्हणजे बोर्डीही, नव्या जिल्ह्यात गेली. एका वाक्यात तीन विधाने. तिन्ही एकेकाळी खरी, आज तिन्ही खोटी.

चिकूचे तसेच असते. झाडावर आहे तोवर त्याला घाई नाही. उतरवला की आठवडाभरात पिकतो, आणि पिकला की दोन दिवसांत खाऊन टाकावा लागतो. लेखकाच्या परिचयात 'सध्या', 'नुकतेच', 'आगामी', 'गेली तीस वर्षे' हे शब्द उतरवलेल्या चिकूसारखे. लिहिले त्या दिवसापासून ते पिकायला लागतात. छापील पुस्तकात निदान पहिल्या पानांवर साल असते, त्यामुळे वाचक मनात हिशेब करतो. इंटरनेटवरच्या पानावर बहुधा तारीखच नसते. म्हणून पहिला उपाय अगदी साधा आहे आणि त्याला संगणकाचे ज्ञान लागत नाही : 'सध्या' काढा, साल घाला. 'गेली तीस वर्षे शिकवतात' हे दर वर्षी चुकत जाते. '१९८६ ते २०१६ या काळात शिकवले' हे कधीच चुकत नाही.

सरांचे ते वाक्य आले कुठून, हे शोधणे मजेचे होते. पहिल्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर ते होते. तिथून विक्रेत्याने टंकून घेतले. विक्रेत्याच्या पानावरून वाचकांच्या एका संकेतस्थळाने उचलले, तिथून शोधयंत्राने. आणि आता प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या चॅटबॉटला विचारले तर तोही मोठ्या आत्मविश्वासाने सरांना रोज शाळेत पाठवतो. चूक एकाच ठिकाणची, पण तिच्या नकला चार. म्हणून दुरुस्ती करताना उगमापासून सुरुवात करावी लागते. मधल्याच एखाद्या पानाशी भांडत बसले तर हाती काही लागत नाही.

पण 'अद्ययावत करणे' म्हणजे जुने पुसून नवे लिहिणे, अशी जी समजूत आहे ती मला धोक्याची वाटते. त्यासाठी याच परिसराचे उदाहरण घेऊ. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. त्याच वर्षी, थोड्याच अंतरावर, झरी गावच्या सभेतून वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याला तोंड फुटले, आणि त्या लढ्याची कहाणी गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात सांगितली. आता एखादा उत्साही संपादक सगळीकडे 'ठाणे' खोडून 'पालघर' करत सुटला, तर १९४५ ची घटना तेव्हा अस्तित्वातच नसलेल्या जिल्ह्यात घडल्याचे दिसेल. गुंता आणखी आहे. शेजारचा उंबरगाव तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली तेव्हा त्यातली बरीच गावे गुजरातेत गेली. म्हणजे जुन्या कागदावरचे 'जिल्हा ठाणे' आज महाराष्ट्रातही नसेल. अशा वेळी नियम असा : घटनेला घटनेच्या वेळचे नाव द्यायचे आणि पुढे 'आता पालघर जिल्हा' असे जोडायचे. पत्ता मात्र बिनदिक्कत बदलायचा. काही गोष्टी दर वर्षी बदलायच्या असतात, काहींना हात लावायचा नसतो, आणि अर्धे काम हा फरक ओळखण्याचे आहे.

या तिघींचे उदाहरण आणखी एका कारणाने नीट पाहण्यासारखे आहे. भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, अनुताई १९९२ मध्ये. गोदावरीबाई ८ ऑक्टोबर १९९६ रोजी गेल्या, म्हणजे इंटरनेटच्या काळात त्या जेमतेम चौदा महिने होत्या. तिघींपैकी एकीनेही आपले पान स्वतः उघडले नाही. तरीही आज तिघींविषयी इंटरनेटवर पुष्कळ मजकूर आहे, आणि तो सगळा इतरांनी लिहिलेला. लेखकाचे इंटरनेटवरचे अस्तित्व लेखकाच्या हातात असतेच असे नाही. बरेचदा ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातात असते.

तिथे पहिली अडचण येते नावाची. ताराबाई माहेरच्या केळकर, गोदावरीबाई माहेरच्या गोखले. ग्रंथालयाच्या यादीत 'परुळेकर, गोदावरी', कुठे 'गोदावरी शामराव परुळेकर', लोकांच्या तोंडी 'गोदूताई', आणि रोमन लिपीत तर विचारूच नका. मोडक रोमन अक्षरांत टंकून पाहा, उकडीचे मोदक समोर येतात, कारण 'ड' आणि 'द' यांना तिथे एकच अक्षर. हा घोळ देवनागरीतही आहे. कोसबाड की कोसबाद? गावाचे नाव दोन्ही प्रकारे लिहिलेले आढळते, आणि त्यामुळे अनुताईंच्या आत्मकथनाचे नावही कधी 'ड' तर कधी 'द' लावून फिरते. माणसाला ते एकच पुस्तक आहे हे कळते. यंत्र दोन पुस्तके मानते, आणि कधी कधी दोन लेखिकाही.

उलटेही होते. बोर्डीच्या शिक्षणाचा इतिहास आचार्य भिसे यांना वगळून लिहिता येत नाही; त्यांचे नाव शंकर रामचंद्र भिसे. आणि अमेरिकेत जाऊन गाजलेले संशोधक डॉ. शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) हे वेगळे. आद्याक्षर आणि आडनाव एवढेच लिहायची पद्धत असेल तर एकाच्या नावावर दुसऱ्याची यंत्रे जमा व्हायला वेळ लागत नाही.

यावर ग्रंथपालांनी फार पूर्वीपासून एक युक्ती वापरली आहे : नावाला नव्हे, माणसाला ओळख द्यायची. एक प्रमाण नाव ठरवायचे आणि बाकीची सगळी रूपे त्याखाली नोंदवायची. आजची डिजिटल रीत त्याचीच पुढची पायरी आहे. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सुरू झालेल्या विकिडेटावर प्रत्येक व्यक्तीला, पुस्तकाला, गावाला एक क्रमांक मिळतो. नाव बदलो, लिपी बदलो, लग्न होवो, क्रमांक तोच. त्याखाली जन्म, मृत्यू, पुरस्कार अशी एकेक नोंद असते. प्रत्येक नोंदीला 'केव्हापासून केव्हापर्यंत' हे जोडता येते, आणि आधार कुठला तेही. सरांच्या 'सध्या'चा खरा इलाज इथे आहे, कारण इथे 'सध्या' लिहायला जागाच नाही. संशोधन करणाऱ्यांसाठी ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक आहे. तो कुणालाही स्वतःच आणि फुकट घेता येतो. प्राध्यापकांना तो माहीत असतो. कथा-कवितावाल्यांना सहसा नसतो, आणि फारसा लागतही नाही.

पुस्तकालाही असा क्रमांक असतो, तो आयएसबीएन. भारतात तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, स्वतः पुस्तक छापणाऱ्या लेखकालाही. २००७ पासून तो तेरा अंकी झाला. भारतातले क्रमांक ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतात. फेरछपाईला क्रमांक तोच चालतो, नव्या आवृत्तीला आणि ई-पुस्तकाला वेगळा लागतो. इथेच एक मोठा घोटाळा जन्माला येतो. विक्रेत्याच्या पानावर साल असते ते हातात असलेल्या आवृत्तीचे. 'जेव्हा माणूस जागा होतो' ला साहित्य अकादमी पुरस्कार १९७२ चा आहे, आणि दुकानात मिळणारी प्रत मात्र अगदी अलीकडची. सालाची नुसती नक्कल केली तर पुरस्कार आधी मिळाला आणि पुस्तक नंतर आले असे दिसते. लेखकाने आपल्या यादीत प्रत्येक पुस्तकापुढे पहिल्या आवृत्तीचे साल ठळक लिहावे, नंतरच्या आवृत्त्या त्याखाली. एवढ्याने पुढच्या अभ्यासकाचा एक दिवस वाचतो.

आता ही यादी ठेवायची कुठे? ताराबाईंनी आदिवासी पाड्यांवर एक गोष्ट केली होती. मुले शाळेपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातूनच रूढ झाला. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. पण त्या सगळ्याला एक ठाण होते. मला वाटते लेखकाचेही तसेच असावे : स्वतःचे एक घर आणि इतरांची अंगणे. घर म्हणजे स्वतःच्या नावाचे एक पान. त्यावर परिचय, पुस्तकांची यादी, एक फोटो, संपर्क आणि तळाशी शेवटच्या दुरुस्तीची तारीख, बस. बाकी विकिपीडिया, गुडरीड्स, ॲमेझॉन, फेसबुक ही सगळी अंगणे. तिथे वाचक असतात म्हणून तिथे जायचे, पण मालकी आपली नसते. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, गूगल प्लस २०१९ मध्ये. ज्यांनी सगळे लेखन तिथेच मांडून ठेवले होते त्यांची पंचाईत झाली.

अंगणात वागायचेही नियम असतात. विकिपीडियावर स्वतःचा लेख स्वतः लिहू नये असा संकेत आहे, आणि तो योग्यच आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे, आणि 'सुप्रसिद्ध', 'अष्टपैलू', 'मनस्वी' अशी विशेषणे लावून आलेले लेख तिथे काढून टाकले जाऊ शकतात. मग चूक दिसली तर काय करायचे? लेखाच्या चर्चापानावर ती आधारासकट लिहायची आणि दुसऱ्या कुणाला दुरुस्त करू द्यायचे. आधार म्हणजे वर्तमानपत्राचे कात्रण, विश्वकोशातली नोंद, पुस्तकाचे श्रेयपान. 'मी स्वतः सांगतो ना' हा आधार नव्हे. आमच्या सरांना हे अजिबात पटले नाही. "माझी जन्मतारीख मला माहीत नाही तर कुणाला?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पण पुराव्याची सवय मोडली की प्रत्येकाचा जन्म त्याच्या सोयीच्या साली होतो, हेही खरे. गूगलवर नावाबरोबर उजवीकडे जी माहितीची चौकट दिसते, ती मात्र ओळख पटवून स्वतःकडे घेता येते आणि तिच्यात बदल सुचवता येतात.

फोटोबाबत एक बारकावा बहुतेकांना माहीत नसतो. फोटो आपला असला तरी हक्क सहसा काढणाऱ्याचा असतो. लेखक स्वतःचा देखणा फोटो विकिमीडिया कॉमन्सवर चढवतो आणि आठवड्यात तो उडवला जातो, कारण तो दुसऱ्याच कुणी काढलेला असतो. सरांचा फोटो मग त्यांच्या नातीने चिकूखाली उभे करून काढला आणि तिनेच तिच्या नावाने मुक्त परवान्यावर दिला. सर डोळे मिटून हसत आहेत, पण चालतो.

सरांचे स्वतःचे घरही होते एकेकाळी. २००८ मध्ये त्यांच्या भाच्याने एक संकेतस्थळ करून दिले होते. भाचा पुढे परदेशी गेला. नावाची नोंदणी त्याच्या जुन्या ईमेलवर होती, आणि नूतनीकरणाच्या सूचना तिथेच येऊन पडत राहिल्या. मुदत संपली. अशा वेळी जुन्या मालकाला सोडवून घ्यायला काही आठवडे मिळतात. ते गेले की नाव कुणीही विकत घेऊ शकतो. आता तिथे रमीची जाहिरात लागते. सुदैवाने इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुन्या पानांच्या प्रती होत्या. उघडल्या तर सगळा मजकूर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी. मराठीत ही गंमत नेहमीची. १९९१ साली आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, पण आपल्या छपाईच्या जगाने शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांची सोबत पुढे कितीतरी वर्षे सोडली नाही. त्यात साठवलेले असते रोमन अक्षर, त्यावर मुखवटा देवनागरीचा. तो फाँट नसलेल्या यंत्रावर मुखवटा गळून पडतो. शोधयंत्राला तर तो कधी दिसतच नाही. म्हणजे लेखन इंटरनेटवर असून नसल्यासारखे. रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यानंतर रफार आणि वेलांट्या नजरेखालून घालाव्याच लागतात. आम्ही दोन संध्याकाळी तेच करत होतो.

युनिकोडमध्येही एक खोच आहे. 'किनाऱ्यावर' हा शब्द घ्या. त्यातला 'ऱ्य' दोन रीतींनी साठवता येतो : नुक्त्याचा 'ऱ' घेऊन, किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे. यंत्राला ते वेगळे शब्द, आणि सगळीच शोधयंत्रे ते एक मानत नाहीत. समुद्राकाठी राहून कविता लिहिणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे क्षुल्लक नाही. सरांच्या एका संग्रहाच्या नावातच किनारा आहे. आम्ही सगळीकडे एकच रीत ठेवली.

आता हे किती वेळा करायचे? मला विचाराल तर वर्षातून एकदा पुरे, पण तारीख ठरवून. नवे पुस्तक, पुरस्कार, पत्ता बदलणे अशी घटना घडली की लगेच, एरवी वर्षातून एकदा. एका कागदावर आपली पाने कुठे कुठे आहेत त्याची यादी करायची, आणि त्या दिवशी चहाचा कप घेऊन एकेक उघडून बघायचे. रोज काहीतरी टाकत राहिले पाहिजे हा सल्ला हल्ली फार मिळतो. रोज टाकण्याने हजेरी लागते. परिचय बरोबर राहतो असे नाही. फेसबुकवर रोज दिसणाऱ्या कितीतरी लेखकांच्या पुस्तकांची पूर्ण यादी कुठेच मिळत नाही.

लेखकानंतर काय, हा विषय आपल्याकडे अवघडल्यासारखा टाळला जातो. कायदा मात्र स्पष्ट आहे. भारतात लेखनाचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे साठ वर्षे राहतो. १९९२ पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचे साहित्य १ जानेवारी २०११ पासून सर्वांचे झाले. याच हिशेबाने ताराबाईंचे लेखन २०३४ च्या आरंभी मुक्त होईल, अनुताईंचे २०५३ मध्ये, गोदावरीबाईंचे २०५७ मध्ये. तोवर त्यांची पुस्तके कुणी आपखुशीने विकिस्रोतावर चढवू शकत नाही; वारसांनी परवाना दिला तर गोष्ट वेगळी. म्हणजे साठ वर्षे कुणाला तरी विचारावे लागणार, आणि ते कुणाला, हे कुठेतरी लिहिलेले हवे. खात्यांचेही तेच. गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले की दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसली जाऊ शकतात. त्यात ईमेल गेले, हस्तलिखितांच्या प्रती गेल्या. खाते निष्क्रिय झाले तर माहिती कुणाला द्यायची हे आधीच नेमून ठेवण्याची सोय त्याच कंपनीने २०१३ पासून दिली आहे. फेसबुकवरही वारस नेमता येतो.

दुसऱ्या संध्याकाळी नवे पान उभे राहिले. सरांनी परिचय स्वतः सांगितला, नातीने टंकला. 'सध्या' एकदाही आले नाही. जन्माचे साल, शाळेची वर्षे, चार पुस्तके, त्यांची पहिली साले. तळाला त्या दिवसाची तारीख. नातीने विकिडेटाची नोंद कशी असते ते दाखवायला अनुताईंचे पान उघडले : जन्म १७ मार्च १९१०, मृत्यू २७ सप्टेंबर १९९२. सर त्या दोन ओळींकडे बघत राहिले.

"यातली दुसरी मला भरता येणार नाही," ते म्हणाले.

"आजोबा, काहीतरीच."

"काहीतरीच काय? तो पासवर्ड कुठे लिहून ठेवतेस ते सांग आधी."

ती आत गेली आणि चिकूच्या खोक्यांचा हिशेब ठेवतात ती वही घेऊन आली. शेवटच्या पानावर लिहिले. सरांनी चष्मा लावून एकेक अक्षर तपासले आणि एके ठिकाणी शून्य आहे की ओ, ते तिच्याकडून नीट गिरवून घेतले.